निळी होडी

आल्मेरेच्या नकाशात आमची वस्ती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी:
देठाला देठ, देठाला तुरे, तुऱ्यांना पुन्हा तुरे.
आखणाऱ्यांना वाटलं, वळणं असली
की गाड्या हळू जातील, मुलं रस्त्यात खेळतील.
खेळलीही. आता ती मुलं दुसऱ्या गावी
आणि वळणं इथेच.

समुद्र उपसून काढलेल्या जमिनीला ना चढ ना उतार.
दारं सगळी तपकिरी.
पार्सलवाला बोळाच्या टोकाला आपटतो,
फोनवर कुणावर तरी चिडतो.

मार्चमध्ये मी अंगणातली फुटकी होडी काढून टाकली.
बारा वर्षं उलटी पडलेली, निळी, बुडाला शेवाळ.
पालिकेचा ट्रक घेऊन गेला.
बरं वाटलं.

संध्याकाळी तेत्स्केबाई खिडकीसमोरून गेल्या.
थोड्या वेळाने पुन्हा.
तिसऱ्यांदा मी दार उघडलं.
"होडीपाशी डावीकडे," त्या म्हणाल्या,
पावाची पिशवी छातीशी धरून,
जणू होडी त्यांनीच हरवली होती.

सकाळी फोन केला. होडीचा भुगा झाला होता.

आता तिथे एक खुर्ची आहे, निळी रंगवलेली.
बाई तिच्यापाशी थांबतात, निरखतात,
मग डावीकडे वळतात.
एकदा बसल्याही.