तीन बोटं आत

कुवेतच्या खोलीत गालिचा होता, जाड पडदे,
खिडकी नव्हतीच. एसी आणि मी.
तिथे या दोन पेट्या शहाण्यासारख्या बोलत.
दाभोळला आणल्या, वायरी खोचल्या,
आणि ढोलाचा आवाज कोपऱ्यात जाऊन
फेरीबोटीच्या इंजिनासारखा घुमत बसला.

चिऱ्याच्या भिंती, खाली गुळगुळीत लादी,
वर कौलं. टाळी वाजवली
तर टाळीच्या मागून तिची धाकटी बहीण आली.
वायरमन बशीर म्हणाला, चाचा, पेट्या चांगल्या आहेत,
खोली बेसूर आहे.
खोलीचे कान कुठून पिळायचे?

पेट्या कोपऱ्यातून ओढल्या, दीड हात पुढे.
सुतळीने मोजलं: डावी, उजवी, माझी खुर्ची,
तिन्ही बाजू सारख्या. खडूच्या खुणा केल्या.
रुकय्याने त्या सकाळी लादीबरोबर पुसल्या.
पुन्हा मोजलं.
मागच्या भोकांत जुने पायमोजे कोंबले
(इथे कोण घालतं),
भिंतीवर काथ्याची पायपुसणी टांगली, तीन.
पाहुणे विचारतात, पाय कुठे पुसायचे?

ढोल आता ढोलाएवढा झाला.

पण वरचे सूर येईनात.
माझ्या कानांत सव्वीस वर्षांचा कंप्रेसर बसलाय,
बारीक आवाजाला तो दारावरच अडवतो.
नातू म्हणतो, रातकिडा ओरडतोय. मी म्हणतो, कुठाय?
बटण फिरवलं दोन खाचा, मग चार.
सतारीची तार मला जरा कुठे लागली
तोच आतून रुकय्या आली,
हातात सुरी, बोटांना खवले:
"बंद करा ते. दातांत सुया जातायत."

ती कधी खुर्चीत बसून ऐकत नाही.
उंबऱ्यावर उभी राहते, एक पाय इकडे,
एक गॅसवरच्या सालनाकडे.
माझ्या सुतळीच्या त्रिकोणात
तो उंबरा कुठेच नव्हता.

मग कपाटातून ती कॅसेट काढली,
चौऱ्याण्णवची, अंजनवेलच्या कुणाबरोबर तरी आलेली.
लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवायची पत्रं.
नारळ उतरवले, एकशे चाळीस.
शहाबाजला गोवर.
रहाट कुरकुरतो, तेल संपलंय.
मग बराच वेळ काही नाही, नुसती
तेव्हाची शेणाची जमीन ऐकू येते
आणि खाडीवर लाँचचा एक भोंगा.

"ही मी?" ती म्हणाली. "मी काय अशी नाकातून बोलते?"
म्हटलं, तिथेच उभी राहा, तेच पुन्हा बोल.
"काय बोलू?"
"नारळ."
"एकशे चाळीस," ती म्हणाली.
पेटीतली पण म्हणाली, एकशे चाळीस.
दोघींत अजून बोटभर फरक.
छाती थोडी वाढवली, नाक कमी केलं,
दोन्ही पेट्या उंबऱ्याकडे वळवल्या, तीन बोटं आत.
वरचं बटण एकेक खाच मागे.
आता?
"अजून."
आता?
"आता कळतंय, कोण ती."

कॅसेट संपता संपता ती ओढणी सावरते.
तिथे बांगड्या आहेत.
मला ठाऊक आहे, कारण रात्रपाळीवरून येऊन
मी त्या पन्नासदा ऐकल्यात.
आता त्या जागी माझ्यासाठी काही वाजत नाही.
मी तिच्याकडे पाहिलं. "वाजल्या?"
"वाजल्या," ती म्हणाली. "हिरव्या होत्या.
सालन लागतंय खाली." आणि आत गेली.

बटण तिथेच आहे.
खाचेवर सुनेच्या नेलपॉलिशचा ठिपका लावलाय,
कुणी हलवलं तर कळावं.
खुर्ची मी उंबऱ्यापाशी ओढून घेतली.
वाटेत येते,
म्हणून रोज बोलणी खातो,
तीही आता नीट ऐकू येतात.