खालचा दांडा

सड्यावर, जांभ्याच्या खाचेत चाक अडकलं
आणि बग्गी कोलांट्या खात
काजूच्या बुंध्याशी.
पुन्हा तोच. उजवा, खालचा.
या महिन्यातला चौथा.

मालीमच्या धक्क्यावर मिंगेल मेस्त
ट्रॉलरच्या कुशीला रेझिन फासत होता.
उरलंसुरलं करवंटीत दिलं त्यानं,
हातात तापेपर्यंत घरी पोचायचं.
आत सायकलची आरी, वरून तंगूस घट्ट,
रात्रभर वाळवला.

रविवारी दांडा टिकला.
सांगाडाच फाटला, स्क्रूसकट.

मेस्त म्हणाला,
नांगराला एक कच्ची गाठ ठेवतो आम्ही, बाय.
खडकात रुतला तर ती तुटते,
होडी नाही.

आता खिशात दोन दांडे, साधे, प्लास्टिकचे.
आरी काढली.
तंगूस ठेवली, सैल:
मोडल्यावर चाक गवतात शोधावं लागत नाही,
लोंबत राहतं.