रकाना सात

खानापूर स्टँडवर बस दीड तास उशिरा.
पाटी कन्नडमधून, कंडक्टर बोलतो मराठीत,
सुट्टे मागतो दोन्हींत.
माझ्या पिशवीत छप्पन्न प्रश्न, इंग्रजीतून टाइप केलेले,
वर मॅडमच्या लाल शाईत एकच ओळ:
जवळीक ठेव, अंतर सोडू नकोस.
जांबोटीच्या वळणांवर मला भडभडून आलं, तेव्हा
जवळीक आणि अंतर दोन्ही मिळून
एका बाईनं पुढं केलेल्या तांब्याएवढे होते.

ठकूबाई झोरे. वय: 'तू लिव की काय ते.'
धंदा: म्हशी.
किती वर्षं राहता इथं, या प्रश्नाला तिनं
बोटं मोडत सांगितलं,
ही चांदी, हिची आई मोरी, मोरीची आई बुजगी,
बुजगीच्या आईला वाघानं धरलं, त्या साली
माझ्या सासऱ्याचं लगीन झालं.
मी वहीत लिहिलं: अंदाजे ६०?
मग प्रश्नचिन्ह खोडलं. मग आकडाही.

झाड एकच. मी म्हणते ऐन,
गार्ड म्हणतो मत्ती,
यादीत त्याला लॅटिन नाव, तिरक्या अक्षरांत.
खोडावर खात्याचा पांढरा नंबर,
मगरीच्या पाठीसारख्या सालीत अर्धा गिळलेला.
ठकूबाई त्याला काहीच म्हणत नाही.
'त्याच्या म्होरनं खाली उतर' एवढंच,
म्हणजे पत्ता म्हणते.

चैत्रात तिनं मला झर दाखवली.
कातळाच्या कुशीत ओंजळभर पाणी,
काठावर खुरांचे ठसे, त्यावर अस्वलाचा पंजा,
त्यावर तिच्या नातवाची चप्पल उमटलेली.
'सगळीच येत्यात. येळ ज्याची त्याची.'
मी फोन काढला, अक्षांश रेखांश घेतले.
रकाना सात: पाण्याचे स्रोत.
'काय लिहूलालीस गे?'
जागा, म्हटलं.
'बघ म्हटलं मी. लिव म्हटलं न्हाई.'

त्या रात्री तिनंच मला विचारलं
चुलीसमोर बसवून, सावकाश, एकेक,
तुला पगार कोण देतो?
सहा महिनं फिरूलालीस, घरचं काय म्हणत्यात?
हे सगळं लिवून झालं की कुठं ठेवत्यात?
कोण वाचतं? वाचून काय करतं?
तुझा अभ्यास दिवसाला किती लिटर देतो?
सून तोंडाला पदर लावून हसली.
मी पण हसले. बाकीच्या प्रश्नांना
माझ्याकडे 'माहीत नाही / सांगता येत नाही'
हा पर्याय होता.

पुनर्वसनाची नोटीस आली ती कन्नडमध्ये.
गार्ड मलकप्पा हुदली, चांगला माणूस,
त्यानंच वाचून दाखवली, मध्ये मध्ये थांबत,
जसं जखमेवरची पट्टी हळू काढावी.
चहा संपल्यावर मला बाजूला म्हणाला,
'म्याडम, तुमच्याकडं नकाशा हाय म्हणं?
आमच्यापेक्षा ब्येस असंल. साहेब विचारूलालेत,
गुरं पाण्याला कुठं जात्यात.'

खोलीवर, लोंढ्याला, वीज नव्हती.
लॅपटॉपमध्ये अकरा टक्के.
बाहेर मालगाडी, डबे मोजता मोजता
मी चौऱ्याऐंशीपर्यंत गेले,
मग एक फाइल उघडली, एक ओळ निवडली.
कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की?
त्या दिवसातला तो एकशे कितवा तरी प्रश्न,
आणि पहिलाच, ज्याचं उत्तर मी एकटीनं दिलं.

बेळगावात तोंडी परीक्षा. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
बाहेरून आलेले परीक्षक पान एकशे बारावर थांबले.
'इथं, या नाल्याच्या वर, मोकळंच आहे.
माहिती मिळाली नाही?'
मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.
'नाही,' मी म्हटलं.
ठकूबाई असती तर म्हणाली असती,
लबाड बोलताना पाणी पी, घसा सुकतो.
पाणी टेबलावर होतं. सीलबंद.

सरांनी पेन्सिल घेतली, त्या मोकळ्या जागेत
मोठं प्रश्नचिन्ह काढलं
आणि खाली ठिपका दिला,
अगदी सहज, न बघता,
नेमका तिथं.

मी पान उलटेपर्यंत श्वास घेतला नाही.