सव्वानऊची रेघ

कॉडच्या जिभा कापताना काटा मोडला,
अंगठ्याच्या बुडाशी.
"एवढ्याशाला कोण जातं डॉक्टरकडे,"
योस्टाइन म्हणाला. लोफोटेनात
सगळेच असं म्हणतात.

रात्री एल्डब्योर्गनं बॉलपेन घेतलं,
सुजेच्या कडेकडेनं रेघ ओढली.
झोपेतच तो "गुदगुल्या" म्हणाला.
शेजारी तिनं वेळ लिहिली: सव्वानऊ.

तांबडं फुटायच्या आत
हातावरचं तांबडं रेघेबाहेर,
बोटभर.
मनगटाकडे निघालेला एक लाल धागा,
आणि शेगडीपाशी बसूनही
त्याचे दात वाजतायत.

"जाळी राहिलीत ओढायची."
ती काही बोलली नाही.
चांगला हात कोटात घातला,
दुखरा तसाच शालीत.

सातच्या बोटीत
तो रेघेकडेच बघत होता,
भरती कुठवर आली
ते धक्क्यावरून बघतात तसा.