चूकभूल

आमच्या 'नदीकाठ'चा कागद आता
बुधवारी आणि रविवारी, एवढाच निघतो.
बाकी पाच दिवस आपण लोकांच्या खिशात असतो,
असं श्रेणिक म्हणतो. बाळगोंडा मगदुमांचा धाकटा.
त्यानं मशीन विकलं, गैबीसाबचा हिशेब चुकता केला,
हरभट रोडच्या बोळातली शाईची खोली
मोबाईल-कव्हरवाल्याला भाड्यानं दिली.
पगार त्या भाड्यातून होतो. माझाही.
नावं ठेवायला मला तोंड नाही.

एकतीस वर्षं प्रूफं वाचली.
चुकलं तर दुसऱ्या दिवशी
पान चार, खाली डावीकडं, चौकट.
'काल अनवधानाने कै. छापले गेले.
श्री. दादू आवटी हयात आहेत.'
आवटी ते कात्रण पाकिटात घालून दोन वर्षं फिरले,
हळदपेठेत ज्याला त्याला पुरावा दाखवत.

आता चूक पुसता येते.
बोट टेकवलं की बदललं. डाग नाही.
"चौकटीचं काम संपलं बगा, काकू."

त्याच्या खोलीत भिंतीवर पडदा आहे:
किती जणांनी उघडलं, कुठं थांबले, कुठं सोडून गेले.
हळदीचा भाव चाळीस सेकंद.
अग्रलेख चार.
म्हणून भावाला कुलूप, महिना एकोणपन्नास रुपये,
आणि अग्रलेख फुकट, तरी कुणी नेत नाही.
पेपर टाकणारी पोरं आता वर्गणीदार जोडतात,
माणशी सात रुपये. सायकली त्याच.

ऑगस्टात पाणी चढलं.
पुलावरचा आकडा दर तासाला, बिनकुलपाचा,
एवढं एकच थोरल्या मगदुमांनी खाटेवरून सांगितलेलं.
रात्री सव्वाबाराला आकडा आला: ४३ फूट.
मी टाकला: ३४.
हीच चूक मी जन्मभर दुसऱ्यांची पकडली होती.
सहा मिनिटांनी दिसली. बोट टेकवलं.
४३.
डाग नाही.

पण पडद्यावर होतं.
त्या सहा मिनिटांत दोनशे अठरा जणांनी उघडलं,
सरासरी तीन सेकंद.
तीन सेकंद म्हणजे वाचलं, हायसं वाटलं,
फोन उशाशी ठेवला.

श्रेणिकला उठवलं. म्हटलं, नंबर काढ.
"ते जाहिरातवाल्यांसाठी आहेत, काकू."
मग माझ्याकडं बघितलं आणि काढले.
गैबीसाब खणभागातून गुडघाभर पाण्यातनं आला,
हिशेब चुकता झालेला माणूस.
तिघांनी याद्या वाटून घेतल्या.
'नदीकाठमधून बोलतोय. मघाचा आकडा चुकला.
त्रेचाळीस आहे. उठा, सामान वर घ्या.'

कुणी शिव्या घातल्या. बरोबरच होतं.
गावभागातली एक म्हातारी म्हणाली,
पेपर बोलायला कधीपासनं लागला?
एक जण झोपेतच,
"वर्गणी संपली काय ओ? सकाळी भरतो."
एकानं नुसतं ऐकलं, फोन न ठेवताच
लेकरांना हाका मारायला लागला.
मी ते ऐकत बसले. पुढचा नंबर लावायचा राहिला.

उजाडेपर्यंत दोनशे नऊ झाले.

आता ॲपमध्ये तळाला, केटररच्या जाहिरातीखाली
चौकट आहे. मी हट्टानं घालायला लावली.
श्रेणिक म्हणतो, तिथवर कुणी पोचत नाही,
पडद्यावर ती जवळजवळ शून्य आहे.
असू दे.
पान चारवर तरी कोण पोचत होतं,
आवटी सोडून?

उरलेल्या नवातले सात नंतर कळले,
कुणी सासरी गेलेलं, कुणी मिरजेला शाळेत.
दोन नंबर वहीच्या मागच्या पानावर आहेत.
एक बंदच लागतो.
दुसऱ्याला अजून रिंग जाते.