श्वास तेवढे ठेवले

ताम्पेरेतल्या एका तळघरात
भिंतींना राखाडी स्पंज, समोर माईक,
पेलाभर कोमट पाणी, आणि सफरचंदाची फोड
तोंड चिकट वाजू नये म्हणून.
सात महिने मी तिथे योद्धा होते.
नऊ हजार चारशे वाक्यं.
एकच 'नाही' तीन तऱ्हांनी म्हटलं:
दयाळू नाही, उद्धट नाही,
आणि आधी पैसे मोजून घेऊन मग म्हणायचं ते नाही.

एका गुरुवारी याल्मारी आत आला,
बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर.
म्हणाला, चाचणीतले लोक म्हणतायत
ही बोलली की आम्ही उरत नाही,
नुसते हिच्या मागून चालत राहतो.
तिला मुकी करायचं ठरलंय.
वाईट वाटून घेऊ नकोस,
श्वास ठेवतोय तुझे.

श्वास म्हणजे
उंचावरून पडतानाचा एक,
घाव बसला की दोन,
ओझं फार झालं की एक लांबलेला,
आणि मरतानाचा. तो चारदा घेतला होता,
तिसरा निवडला त्यांनी.

आता त्या जगात बाजारातली म्हातारी बोलते,
चोर बोलतात, पुलावर जकात मागणारं अस्वल बोलतं
आणि जिच्यासाठी हे सगळं उभं केलं
ती मूग गिळून.

कायानीला वडील असतात.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं.
यंत्रांपुढे कुणाचं ऐकू येत नसे,
ती सवय घरी आली, राहिली.
आई गेली तेव्हा चकार शब्द नाही.
लाकडं फोडली. मार्चपर्यंत पुरतील एवढी.
मग एप्रिलचीही.

नाताळात मी खेळ नेला, लावून दिला.
पडद्यानं नाव विचारलं.
एका बोटानं त्यांनी ते टिपलं,
खांदा आडवा धरून, मला दिसू न देता.

रात्री पाण्याला उठले
तर बैठकीत कुणीतरी बोलत होतं.

पडद्यावर नावाडी. तो सगळ्यांना 'प्रवासी' म्हणतो,
लोकांनी टिपलेली नावं
त्याच्या आवाजाला ठाऊक नसतात.
प्रवासी, भावाला माफ करशील?
खाली तीन उत्तरं:
हो. नाही. विचार करीन.
तिन्ही मी म्हटलेली. अजून पाठ आहेत,
मधल्या थांब्यांसकट.

वडील पुढे झुकलेले.
'दफनाला आला नाहीस,' म्हणत होते.
'बर्फानं रस्ता बंद म्हणालास.
नव्हता बंद, एरो.
मी पाहून आलो होतो, गाडी काढून,
तुझ्या फाटकापर्यंत.'

नावाडी थांबला होता. त्याला काय घाई.
वल्ही वर, वल्ही खाली,
तेच पाणी, तेच पाणी.
माझा आवाज असता तर एव्हाना
उत्तर देऊन मोकळा झाला असता,
खणखणीत, भावनेसकट,
आणि वडिलांना गप्प बसायला
आणखी एक जागा मिळाली असती.

बऱ्याच वेळानं त्यांनी तिसरं बटण दाबलं.
विचार करीन.

पुढे कड्यावर पाय घसरला.
माझा श्वास. पडतानाचा.
'जपून गं,' ते म्हणाले.
आणि मग, मागे न बघता,
'तळ्यावरचा बर्फ तडकला तेव्हा
असाच घेतला होतास. सहा वर्षांची होतीस.'

मी दाराशी, हातात रिकामा पेला.
नऊ हजार चारशे वाक्यं,
तीन-तीन तऱ्हांनी.
'हं,' म्हटलं
आणि जाऊन शेजारी बसले.
त्यांनी सरकून जागा केली,
तिला पुन्हा कड्याच्या पायथ्याशी उभं केलं.