कडी

फॉर्मवर रकाना होता : हीच शाळा का?
हेरंबने लिहिलं, शिस्त, संस्कार, इंग्रजी.
अक्षर चांगलं आहे त्याचं.

तेवढ्यात मी बाथरूमला जाऊन आले,
क्वार्टर गेटच्या त्या दगडी इमारतीत,
मदर मेरीच्या पुतळ्यामागून डावीकडे.
सहा दारं. पाच कड्या लावून पाहिल्या.
लागतात.
सहाव्या दाराआड कुणीतरी
शीळ घालत होतं, बिनघोर, बेसूर.

आमच्या नीरेच्या शाळेत कडी नव्हती.
माझं दार कुंदा धरायची, तिचं मी.
सातवीत ती तापाने आठवडाभर आली नाही.
मी पाणीच प्यायचे नाही शाळा सुटेपर्यंत.

सिस्टर फिलोमिनांनी चष्म्यावरून विचारलं,
"आईला काय वाटतं?"
धायरीहून दोन बस, स्कर्टची लांबी,
सासूबाईंचं "बाटवतील हो पोरीला",
सगळं ओठांशी आलं.
म्हटलं, "कड्या चांगल्या आहेत तुमच्या."

हेरंबने माझ्याकडे पाहिलं.
सिस्टर हसल्या नाहीत.
"भांडून बसवून घेतल्यात," म्हणाल्या,
आणि फॉर्म स्वतःकडे ओढला.

परतताना रिक्षात शर्वाणी
नव्या दप्तराचा रंग ठरवत होती.
गोळीबार मैदानाच्या सिग्नलला
फोनमध्ये कुंदाचा नंबर शोधला.
दोन कुंदा निघाल्या.
ती नव्हे.